डायनामो बंद पडला, तर नुसत्या बॅटरीवर गाडी किती वेळ चालते?

गाडी चालू असताना मीटरमध्ये बॅटरीचं लाल चित्र पेटलं, की नवीन गाडी शिकलेला माणूस हमखास एक चूक करतो. गाडी कडेला घेतो, चावी फिरवून इंजिन बंद करतो आणि बॉनेट उघडून आत बघत उभा राहतो. मग चावी पुन्हा फिरवतो, तर सेल्फ नुसता कट्-कट् करतो. दहा मिनिटांपूर्वी व्यवस्थित पळणारी गाडी आता धक्क्याशिवाय हलत नाही. जवळचं गाव पंधरा किलोमीटरवर आणि डोक्यावर मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन.

हे टाळता येतं. लाल दिवा लागल्यावर तुमच्याकडे अजून थोडा वेळ असतो. तो किती आहे याचा अंदाज कसा बांधायचा आणि तो कसा पुरवायचा, हे सगळं पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी इथे सांगतो. इलेक्ट्रिक गाडी एका चार्जिंगमध्ये किती पळते हा वेगळा विषय आहे. एवढंच लक्षात ठेवा की त्या गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

आधी हे समजून घ्या

गाडी चालू असताना सगळी वीज डायनामो पुरवतो. कागदोपत्री त्याला अल्टरनेटर म्हणतात, पण धुळे-जळगावच्या गॅरेजांत डायनामो हाच शब्द चालतो. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो, इंधनाचा पंप, ठिणगी पाडणारी कॉइल, दिवे, पंखे सगळ्यांना वीज देतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. बॅटरीचं खरं काम गाडी सुरू करून देण्यापुरतं. त्या दोन-तीन सेकंदांत सेल्फ शंभर-दोनशे ॲम्पिअर ओढतो, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त.

लाल दिवा सांगतो की डायनामोकडून बॅटरीत काही येत नाही. गाडी आता साठवलेल्या विजेवर चालली आहे. टाकीत पाणी येणं बंद झालंय आणि नळ मात्र सगळे उघडे आहेत, असं समजा. नळ बंद करत गेलात तर टाकी पुरते.

दिवा लागला. पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं?

सगळ्यात आधी नजर तापमानाच्या काट्याकडे. ही गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी येते. कित्येक गाड्यांमध्ये डायनामो फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंप फिरवतो. तो पट्टा तुटला तर चार्जिंगही जातं आणि इंजिन थंड ठेवणारं पाणीही फिरायचं थांबतं. बॅटरीचा दिवा आणि चढता काटा एकत्र दिसले, तर पुढचं काहीही वाचू नका. गाडी सुरक्षित जागी घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ४४ अंशांच्या उन्हात असं इंजिन दोन-चार किलोमीटर जरी रेटलं तरी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जातं, आणि तो खर्च डायनामोच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. काही गाड्यांत काटा नसतो, नुसता लाल थर्मामीटरचा दिवा असतो. तो पेटला तरी अर्थ तोच.

काटा जागेवर असेल तर इंजिन बंद करू नका. चहाला थांबू नका, पेट्रोल भरायला थांबू नका, फोन लावायलाही इंजिन बंद करू नका. शेजारी कोणी असेल तर फोन त्यांना करू द्या. एकदा बंद केलेलं इंजिन परत चालू करायला सेल्फ एका दमात जेवढा करंट मागतो, तेवढा अर्धवट रिकाम्या बॅटरीतून निघत नाही.

मग नळ बंद करायला लागा. एसी बंद. त्याआधी चारही काचा एकदाच खाली करून घ्या. काचेची मोटर त्या क्षणाला चांगला करंट ओढते, आणि नंतर व्होल्टेज पडल्यावर काच अर्ध्यात अडकू शकते. आतला पंखा बंद, टेप बंद, मोबाईलचं चार्जिंग काढा, मागच्या काचेचा डिफॉगर चालू असेल तर तो बंद. दिवस असेल तर हेडलाइट बंद. हॉर्न गरजेपुरताच.

रेडिएटरच्या पंख्याला मात्र हात लावायचा नाही. वीज वाचवायला त्याचा फ्यूज काढा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो पंखा लागतो तेव्हा तो लागायलाच हवा.

आता हिशेब

बॅटरीवर ३५ एएच, ४५ एएच, ६० एएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. एएच म्हणजे ॲम्पिअर-तास. छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण ३५ च्या आसपासची बॅटरी येते, डिझेल गाड्यांत मोठी. ३५ एएचचा आकडा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. म्हणजे पावणेदोन ॲम्पिअर सावकाश ओढले तर वीस तास पुरेल, असा त्याचा अर्थ. दहा-बारा ॲम्पिअर ओढायला लागलात की तीच बॅटरी कमी देते.

शिवाय बॅटरी नवी नसते. दोन-तीन उन्हाळे काढलेली ३५ ची बॅटरी २५ ची उरली आहे, असं धरून चाला. त्यातलीही सगळी वीज कामाची नाही. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास आलं की पंप मंदावतो, इंजिनचा संगणक गोंधळतो आणि गाडी बंद पडते. म्हणून मी हातात १५ ॲम्पिअर-तास आहेत असंच धरतो. त्याहून जास्त निघाले तर चांगलंच.

आता खर्च बघा. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाला पाचेक ॲम्पिअर, कॉइल, इंजेक्टर आणि संगणक मिळून आणखी पाच, आणि मीटर, स्टिअरिंग वगैरेंचे दोन. सगळं बंद ठेवूनही साधारण १२ ॲम्पिअर जातातच. १५ ला १२ ने भागा, सव्वा तास आला. हॅलोजनचे दोन हेडलाइट, मागचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा लावला की आणखी ११ वाढतात. एकूण २३, म्हणजे चाळीस मिनिटं. दिवसा पण एसी चालू ठेवला, तर एसीचा क्लच, आतला पंखा आणि रेडिएटरचा पंखा मिळून सहज २५ वाढतात. मग पंचवीस मिनिटंही मिळत नाहीत. रात्री एसी आणि दिवे दोन्ही चालू असतील तर वीस मिनिटांच्या आत खेळ संपतो.

हे आकडे गाडीगणिक बदलतील. एलईडी दिवे हॅलोजनच्या निम्म्याहून कमी ओढतात. पण प्रमाण असंच राहतं. नुसता एसी बंद केल्याने तुमच्या हातातला वेळ तिप्पट होतो, म्हणून घाम आला तरी चालेल.

जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट निराळी. चोपडा-यावलकडे वर्षानुवर्षं धावलेल्या काळीपिवळ्या जीपगाड्यांच्या इंजिनाला सुरू झाल्यावर वीज जवळजवळ लागतच नाही. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल, डिझेल अडवणाऱ्या सोलेनॉइडला लागला तर एखादा ॲम्पिअर. अशी गाडी दिवसा दिवसभरही चालते. बॅटरी बसलेली असली तर ड्रायव्हर ती उतारावर लावून ठेवायचे आणि ढकलून चालू करायचे. ते बघून आपल्या आजच्या कॉमन रेल डिझेललाही तसंच जमेल असं समजू नका. तिला संगणक, सेन्सर, इंजेक्टर सगळं विजेवर लागतं. तिचा हिशेब पेट्रोल गाडीसारखाच धरा.

कुठपर्यंत जायचं ते ठरवा

बॅटरी वेळेच्या हिशेबाने संपते, किलोमीटरच्या नाही. रेंगाळत, खड्डे चुकवत ३० च्या वेगाने गेलात तर तेवढ्याच विजेत निम्मं अंतर होईल. रस्ता मोकळा असेल तर ६०-७० चा एकसारखा वेग ठेवा. उगाच पळवू नका, आणि ब्रेक धरून राहू नका, कारण ब्रेकचे दोन दिवेच साडेतीन ॲम्पिअर खातात.

समजा तुम्ही धुळ्याहून जळगावला निघालात. अंतर सुमारे ९० किलोमीटर. फागण्याच्या पुढे दिवा लागला तर जळगावचा विचार सोडा. पारोळा गाठायचं किंवा माघारी धुळ्याला जायचं, जे जवळ असेल ते. पारोळ्याच्या पुढे लागला तर एरंडोल. एरंडोल सोडल्यावर दिवसा लागला, तर जळगाव तीसेक किलोमीटर आहे, सव्वा तासाच्या हिशेबात बसतं. भुसावळहून जळगावला येताना पंचवीसच किलोमीटर आहेत, पण गावात शिरल्यावर सिग्नल आणि गर्दी लागते. तिथे गाडी उभी राहते, रेडिएटरचा पंखा लागतो आणि स्टिअरिंग सारखं वळवावं लागतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग सरळ रस्त्यावर थोडंच खातं, पण गर्दीत पूर्ण वळवलं की तीस-चाळीस ॲम्पिअर एकदम ओढतं. म्हणून हायवेवरचंच पहिलं बरं दुकान बघा, गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीचा आग्रह धरू नका.

घाट चढायचा नाही. चाळीसगावहून कन्नड घाटाकडे निघाला असाल तर चाळीसगावला परत फिरा. शिरपूरहून सेंधव्याकडे जाताना बिजासन घाटाच्या अलीकडे दिवा लागला तर शिरपूर गाठा. तोरणमाळ किंवा धडगावच्या बाजूला असाल, तर खाली शहाद्याला, तळोद्याला यायचं बघा, कारण सातपुड्यात मोबाईलची रेंज सगळीकडे मिळत नाही. चढावर इंजिन तापतं, पंखा लागतो. आणि वळणावर गाडी बंद पडली तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकही दोन-तीन दाबांनंतर कडक होतो. हा धोका घरी लवकर पोचण्यासाठी पत्करू नये, असं मी अगदी ठासून सांगतो.

रात्रीही तसंच. वीज वाचवायला दिवे बंद करून हायवेवर गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. केळी, कापूस भरलेले ट्रक आणि मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या याच रस्त्यावर असतात. दिवे लावून चाळीस मिनिटांत गाव येत नसेल, तर पहिला उजेडाचा ढाबा किंवा पंप गाठा आणि सकाळी पुढचं बघा.

माझ्यावर आलेली वेळ

मे महिन्यात आईला घेऊन मी धुळ्याहून जळगावला लग्नाला निघालो होतो. दुपारचे चार वाजले होते, छोटी पेट्रोल गाडी, बॅटरी तिसऱ्या वर्षातली. पारोळा मागे पडलं आणि दिवा लागला. दोन आठवडे आधीपासून तो रात्री कधीकधी मंद लुकलुकत होता. ते मी बघितलं होतं आणि लग्नघाईत सोडून दिलं होतं. तसं तुम्ही करू नका. डायनामो बहुतेक वेळा असाच आधी सांगतो. दिवा अर्धवट पेटतो, ॲक्सिलेटरबरोबर हेडलाइट कमी-जास्त होतात, बेअरिंग शिट्टीसारखं वाजतं किंवा पहिल्या पावसात पट्टा किंचाळतो.

काटा बघितला, मध्यावर होता. काचा खाली, एसी बंद. आईने पाण्याच्या बाटलीतून पदर भिजवून डोक्यावर घेतला. पुढचा अर्धा तास भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखा गेला. एरंडोलला हायवेच्या कडेला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान दिसलं तसं गाडी चालूच ठेवून आत घेतली. दुकानातले काका बाहेर आले. “काय व्हयनं भाऊ?” मी दिवा दाखवला. त्यांनी व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टीमीटरच्या सुया बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवल्या. इंजिन चालू आणि आकडा ११.५ व्होल्ट. तो बघून त्यांनी मीटर माझ्याकडे फिरवलं आणि मगच गाडी बंद करायला सांगितलं.

डायनामो खोलला तेव्हा त्यातले कार्बन झिजून ज्वारीच्या दाण्याएवढे राहिले होते. नवे असतात तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान असतात. फिरणाऱ्या रिंगांना हेच कार्बन टेकून वीज पोचवतात. ते टेकलेच नाहीत की डायनामो नुसता फिरत राहतो. कार्बनचा संच अगदी किरकोळ किमतीचा निघाला. काकांनी रिंगा पुसल्या, बसवलं, दुकानातल्या दुसऱ्या बॅटरीने गाडी चालू करून दिली आणि मीटर पुन्हा लावलं, १४.१. संध्याकाळी हळदीला पोचलो.

गाडी वाटेतच बंद व्हायला लागली तर

ती आधी सांगते. इंडिकेटरची टिकटिक बदलते, वायपर रांगायला लागतो, मीटरमध्ये एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे पेटतात, इंजिन झटके देतं. हे दिसलं की काही मिनिटंच उरली आहेत. वेग असतानाच डाव्या कडेला या. इंजिन बंद पडलंच तर चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक एकदाच ठाम दाबा, पुन्हापुन्हा मारू नका. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधली उरलेली ताकद प्रत्येक दाबाबरोबर संपते. उभं राहिल्यावर त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून लांब, सावलीत बसवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, तिथून क्रेन आणि मदत मिळते.

आपल्याकडे मदतीला लोक लगेच थांबतात. ट्रॅक्टरवाल्याची मदत जरूर घ्या, त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते. ट्रकची व्यवस्था मात्र २४ व्होल्टची असते. ट्रकला सरळ वायर जोडून कार सुरू केली तर गाडीचा संगणक जळू शकतो. जोडताना लाल वायर लालला आणि काळी आधी मदतीच्या बॅटरीच्या उण्याला लावा. काळीचं दुसरं टोक शेवटी आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोडायचं, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी पडली तर भडका उडतो. विडी-सिगारेट घेऊन कोणी वाकून बघत असेल तर त्याला आधी मागे करा.

अशी चालू झालेली गाडी थोडा वेळच चालते, कारण दुखणं डायनामोचं आहे आणि तो अजून बंदच आहे. जवळच्या दुकानातून भरलेली बॅटरी भाड्याने किंवा उसनी मिळाली, तर इंजिन बंद असताना ती बदलून घ्या. त्यावर पुढचं गाव आरामात गाठता येतं. पण चालू इंजिनाची बॅटरी कधीही काढायची नाही. डायनामो चालतोय का ते बघायला टर्मिनल काढून बघण्याची पद्धत जुन्या मिस्त्र्यांकडे अजून दिसते. डायनामो चालू निघाला तर त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि आजच्या गाड्यांमधला संगणक त्यात जातो. तुमच्यासमोर कोणी तसं करू लागलं तर नम्रपणे थांबवा आणि मीटर लावायला सांगा.

दुरुस्तीनंतर

बसलेली बॅटरी नव्या डायनामोवर भरत बसू नका. बॅटरीच्या दुकानात मंद चार्जिंगला लावा, ३५ च्या बॅटरीला साधारण साडेतीन ॲम्पिअरवर दहा-बारा तास. पूर्ण रिकामी बॅटरी तशीच आठवडाभर पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि ती पहिल्यासारखी होत नाही.

नवीन बॅटरी घ्यायची वेळ आली तर बनवल्याची तारीख बघून घ्या. खान्देशात बॅटरी लवकर संपते यात दुकानदाराचा दोष नसतो. पुस्तकी अंदाज असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडे बाहेर ४४-४५ आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. मे महिन्यात पट्ट्या झिजतात, पाणी उडतं. ते आपल्याला कळतं डिसेंबरात, धुळ्यात पारा सहा-सातवर आला आणि सकाळी सेल्फ फिरेना झाला की. पाणी घालायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला झाकणं उघडून बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं किंवा आरओचं नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुऊन, पुसून, घट्ट आवळा. कधीकधी सगळा बिघाड त्या सैल टर्मिनलमध्येच असतो.

आणि एक साधं मल्टीमीटर घेऊन डॅशबोर्डच्या खणात ठेवा, दोनशे-चारशे रुपयांत मिळतं. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी चालू करून १३.८ ते १४.५ दिसलं तर डायनामो ठीक. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे एकदाच १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, हेडलाइट आणि पंखा लावून परत बघा. लांब निघायच्या आदल्या संध्याकाळी हे करायला दोन मिनिटं लागतात. आकडा तेराच्या खाली अडकून बसला असेल, तर दुकान उघडं आहे तोवर कार्बन बघून घ्या.